प्रमाणपत्र आणि प्रवेशद्वार : महाराष्ट्रातील शालान्त परीक्षा मंडळाची वाटचाल

महाराष्ट्रातील शिक्षणाचा इतिहास लिहिताना शाळा, महाविद्यालये, विद्यापीठे आणि ती उभारणाऱ्या व्यक्ती यांच्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. मात्र दरवर्षी दहावीच्या पंधरा-सोळा लाख आणि बारावीच्या चौदा-पंधरा लाख विद्यार्थ्यांची परीक्षा घेऊन त्यांच्या पुढच्या आयुष्याला वळण देणारे गुणपत्रक ज्या संस्थेकडून येते, त्या महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाकडे इतिहासाचा विषय म्हणून फारसे पाहिले गेलेले नाही. निकालाच्या दिवशी मंडळाची चर्चा घरोघरी होते, प्रश्नपत्रिका फुटली की त्याच्यावर टीका होते, आणि त्यानंतर त्याचा विसर पडतो. या व्याख्यानाचा उद्देश त्या संस्थेची घडण समजून घेणे आणि तिच्यापुढे आज उभ्या असलेल्या प्रश्नाचे मूळ त्या घडणीत कोठे आहे, हे दाखवणे असा आहे.

या इतिहासाचे एक सूत्र आहे. सार्वजनिक परीक्षेकडून समाजाने दोन वेगळी कामे करून घेतली. मुलाने शालेय शिक्षण पुरे केले आणि त्याला अमुक इतके येते अशी ग्वाही देणे, हे पहिले काम. त्याला प्रमाणीकरण म्हणता येईल. मर्यादित जागांसाठी उमेदवारांची क्रमवारी लावणे, हे दुसरे काम. ती निवड होय. प्रमाणीकरणात सर्वच विद्यार्थी यशस्वी होऊ शकतात, तर निवडीत कोणाला तरी मागे ठेवावेच लागते. ही दोन्ही कामे एकाच गुणपत्रकावर सोपवली गेली, आणि मंडळाच्या वाटचालीतील बहुतेक मोठे वाद या एका विसंगतीतून उद्भवले.

विद्यापीठाच्या दारातील परीक्षा

१८५४ च्या वुडच्या खलित्यानुसार १८५७ मध्ये कलकत्ता, मुंबई आणि मद्रास येथे विद्यापीठे स्थापन झाली, तेव्हा त्यांच्यापुढे लंडन विद्यापीठाचा नमुना होता. ही विद्यापीठे प्रारंभी स्वतः शिकवीत नसत. महाविद्यालयांना संलग्न करून घेणे, परीक्षा घेणे आणि पदव्या देणे एवढेच त्यांचे कार्य होते. साहजिकच विद्यापीठात कोणाला घ्यावयाचे हे ठरवण्यासाठी प्रवेशपरीक्षा लागली, आणि मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक्युलेशन परीक्षा १८५९ मध्ये झाली. त्या पहिल्या तुकडीत उत्तीर्ण झालेल्यांमध्ये महादेव गोविंद रानडे होते.

मॅट्रिक ही शाळेतील परीक्षा असली तरी तिचा अभ्यासक्रम, परीक्षक आणि उत्तीर्णतेचा निकष हे सारे विद्यापीठाच्या हाती होते. चार इयत्ता मराठी शाळेत आणि सात इयत्ता इंग्रजी शाळेत शिकून विद्यार्थी ‘इंग्रजी सातवी’ म्हणजे मॅट्रिकच्या वर्गात पोहोचत असे, आणि ही सातही वर्षे पुढे महाविद्यालयात जाणाऱ्या थोड्यांच्या गरजेनुसार आखली जात. दुसरीकडे मराठी शाळेतून सातवी उत्तीर्ण होणाऱ्यांसाठी शिक्षण खात्याची ‘व्हर्नाक्युलर फायनल’ ही परीक्षा होती. तिच्या बळावर प्राथमिक शिक्षकाची किंवा महसूल खात्यातील कनिष्ठ नोकरी मिळे, मात्र विद्यापीठाचे दार त्या परीक्षेने उघडत नसे. एकाच प्रांतात अशा रीतीने दोन शिड्या उभ्या राहिल्या आणि त्यांपैकी एकीची शेवटची पायरी उच्च शिक्षणाला जोडलेलीच नव्हती.

या रचनेतील दोष सरकारच्याही लक्षात आला होता. १८८२ मध्ये नेमलेल्या हंटर आयोगाने माध्यमिक शिक्षणाच्या वरच्या टप्प्यावर दोन प्रवाह असावेत, एक विद्यापीठाकडे नेणारा आणि दुसरा व्यापार, उद्योग व व्यवहारोपयोगी कामांकडे नेणारा, अशी शिफारस केली. मुंबई इलाख्यात त्यातून ‘स्कूल फायनल’ या नावाच्या परीक्षेचे प्रयोग झाले, परंतु पालकांच्या आणि नोकरी देणाऱ्यांच्या मनातील मॅट्रिकचे स्थान त्यांना घेता आले नाही. त्याचे कारण उघड होते : मॅट्रिक झालेल्याला विद्यापीठ आणि सरकारी कचेरी दोन्ही खुल्या होत, तर दुसरी परीक्षा दिलेल्याला एकच वाट उरे. निवडीसाठी योजलेल्या परीक्षेला प्रतिष्ठा आणि प्रमाणीकरणासाठी योजलेल्या परीक्षेला दुय्यमत्व, हा क्रम त्या काळातच रूढ झाला.

स्वतंत्र मंडळाची कल्पना

माध्यमिक शिक्षणाच्या परीक्षा विद्यापीठांकडून काढून स्वतंत्र मंडळांकडे द्याव्यात, या विचाराला देशपातळीवर बळ मिळाले ते १९१७ ते १९१९ या काळात काम केलेल्या कलकत्ता विद्यापीठ आयोगामुळे, ज्याला त्याचे अध्यक्ष मायकेल सॅडलर यांच्या नावाने ओळखले जाते. माध्यमिक आणि इंटरमिजिएट शिक्षणासाठी सरकार, विद्यापीठ, शाळा आणि जनता यांचे प्रतिनिधी असलेली मंडळे स्थापावीत असे या आयोगाने सुचवले. त्यानंतर १९२१ मध्ये संयुक्त प्रांतात कायद्याने मंडळ स्थापन झाले, आणि मध्य प्रांत व वऱ्हाडासाठी १९२२ च्या कायद्याने माध्यमिक शाळांचे मंडळ आले. त्यामुळे आजच्या महाराष्ट्रापुरते पाहिले तर परीक्षा मंडळाची परंपरा पुण्यामुंबईच्या आधी विदर्भात सुरू झाली, ही बाब ध्यानात ठेवण्याजोगी आहे. मराठवाड्याचा इतिहास आणखी वेगळा होता. निजामाच्या हैदराबाद संस्थानात तेथील शाळांवर संस्थानच्या शिक्षण खात्याचा अंमल होता आणि १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठामुळे उच्च शिक्षणाचे माध्यम उर्दू होते.

मुंबई प्रांतात मात्र मॅट्रिक स्वातंत्र्यापर्यंत टिकली. बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाच्या काळात मुंबई विधिमंडळाने १९४८ मध्ये माध्यमिक शालान्त प्रमाणपत्र परीक्षेचा कायदा केला, पुण्यात परीक्षा मंडळ स्थापन झाले आणि १९४९ मध्ये पहिली एस.एस.सी. परीक्षा घेण्यात आली. अकरावीच्या अखेरीस होणारी ही परीक्षा शालेय शिक्षणाची पूर्तता दर्शवणारी होती. विद्यापीठे तिच्या आधारे प्रवेश देऊ शकत, परंतु ती विद्यापीठाची परीक्षा राहिली नव्हती, हा मूलभूत बदल होता. त्या वेळच्या मुंबई प्रांतात गुजरात आणि कर्नाटकाचे काही जिल्हे असल्यामुळे मराठी, गुजराती आणि कन्नड अशा निरनिराळ्या माध्यमांतील विद्यार्थी एकाच परीक्षेला बसत. प्रादेशिक भाषेतून शिकून त्याच भाषेत उत्तरे लिहिणारा विद्यार्थी हा या परीक्षेत अपवाद राहिला नाही, तो नियम झाला. बहुजन समाजातील पहिल्या पिढीच्या शिक्षणाला या एका बदलाने जे बळ दिले, त्याची पुरेशी नोंद शिक्षणाच्या इतिहासाने अद्याप घेतलेली नाही.

राज्याचे मंडळ

१९५६ च्या राज्य पुनर्रचनेने विदर्भ आणि मराठवाडा मुंबई राज्यात आले आणि १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य स्थापन झाले, तेव्हा एका राज्यात तीन परंपरांमधून आलेल्या परीक्षा पद्धती नांदत होत्या. त्यांना एका चौकटीत आणण्यासाठी १९६५ चा महाराष्ट्र माध्यमिक शिक्षण मंडळ अधिनियम करण्यात आला आणि १ जानेवारी १९६६ रोजी राज्य मंडळ अस्तित्वात आले. मुख्यालय पुण्यात आणि विभागीय मंडळे पुणे, नागपूर व औरंगाबाद येथे, अशी सुरुवातीची रचना होती. धोरण, अभ्यासक्रम आणि प्रश्नपत्रिका राज्य मंडळाकडे, तर केंद्रांची व्यवस्था, उत्तरपत्रिकांची तपासणी आणि निकाल विभागीय मंडळांकडे, ही कामाची विभागणी पुढेही टिकली. आज पुणे, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, मुंबई, कोल्हापूर, अमरावती, नाशिक, लातूर आणि कोकण अशी नऊ विभागीय मंडळे आहेत. गोव्याचाही या इतिहासाशी संबंध आहे : १९६१ च्या मुक्तीनंतर तेथील शाळांतील विद्यार्थी पुण्याच्या मंडळाची परीक्षा देत, आणि १९७५ मध्ये गोव्याचे स्वतंत्र मंडळ स्थापन झाल्यावर ही जोडणी संपली.

मंडळाच्या आयुष्यातील सर्वांत मोठे स्थित्यंतर कोठारी आयोगाच्या शिफारशींमुळे घडले. १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या या आयोगाच्या विचारातून दहा वर्षे शालेय, दोन वर्षे उच्च माध्यमिक आणि तीन वर्षे पदवी असा आकृतिबंध आला. महाराष्ट्राने तो स्वीकारल्यावर १९७५ मध्ये दहावीची पहिली शालान्त परीक्षा झाली, आणि त्याच तुकडीची बारावीची परीक्षा १९७७ मध्ये आली. बारावी मंडळाकडे आल्यामुळे त्याच्या नावात ‘उच्च माध्यमिक’ ही जोड आली. विद्यापीठाच्या महाविद्यालयांत घेतले जाणारे पहिल्या वर्षाचे शिक्षण आता कनिष्ठ महाविद्यालय या नव्या टप्प्यात आले आणि त्याच्या शेवटची परीक्षा वैद्यकीय व अभियांत्रिकी प्रवेशाची कसोटी ठरली. अशा प्रकारे १९४८ मध्ये विद्यापीठापासून वेगळे झालेल्या मंडळाकडे तीस वर्षांच्या आत निवडीचे काम पूर्वीपेक्षा मोठ्या प्रमाणावर परत आले.

विश्वासाची यंत्रणा

मंडळाचे खरे कर्तृत्व कोठे आहे, हे पाहावयाचे तर परीक्षेच्या कार्यपद्धतीकडे वळावे लागते. विद्यार्थ्याचे आवेदनपत्र शाळेमार्फत मंडळाकडे जाते आणि त्याला बैठक क्रमांक मिळतो. या क्षणापासून परीक्षेच्या व्यवहारात त्याचे नाव, जात, गाव आणि शाळा मागे पडतात. गोपनीय रीतीने तयार झालेल्या आणि छापलेल्या प्रश्नपत्रिका तालुक्यातील परिरक्षक केंद्रात, म्हणजे सीलबंद पाकिटे जपून ठेवण्याच्या ठिकाणी पोहोचतात, तेथून केंद्र संचालकाकडे जातात आणि ठरलेल्या वेळी वर्गात उघडल्या जातात. लिहिलेल्या उत्तरपत्रिका दुसऱ्या ठिकाणच्या शिक्षकांकडे तपासणीसाठी जातात. त्यांनी दिलेल्या गुणांची नमुना तपासणी नियामक करतो आणि नियामकांच्या कामावर मुख्य नियामकाची देखरेख असते. नियामकाचे काम केवळ बेरीज पाहण्याचे नसते. एक परीक्षक सढळ हाताने आणि दुसरा आखडत्या हाताने गुण देत असेल तर त्या दोघांना एका मोजमापावर आणणे, हे त्याचे मुख्य काम होय.

या यंत्रणेत एकही पूर्णवेळ परीक्षक नाही. पर्यवेक्षक, परीक्षक, नियामक हे सारे शाळा आणि कनिष्ठ महाविद्यालयांतील शिक्षक असतात, आणि वर्गातील अध्यापन सांभाळून ते हे काम करतात. गडचिरोलीतील आश्रमशाळेची विद्यार्थिनी आणि गिरगावातील जुन्या शाळेचा विद्यार्थी यांच्यासमोर एकाच दिवशी तोच अभ्यासक्रम आणि तोच निकष ठेवणे, आणि तेही आठ माध्यमांतून, ही समतेची कृती आहे. शाळा सुटलेल्या व्यक्तीला सतरा नंबरचा अर्ज भरून खासगी विद्यार्थी म्हणून परीक्षेला बसता येते. रात्रशाळेत शिकणारा कामगार, लवकर लग्न होऊन शिक्षण तुटलेली स्त्री, शेतीवर राबणारा तरुण यांना मिळालेले प्रमाणपत्र नियमित विद्यार्थ्याच्या प्रमाणपत्राइतकेच वजनाचे असते. प्रमाणीकरणाचे काम मंडळाने या ठिकाणी अत्यंत प्रामाणिकपणे केले आहे.

या विश्वासाला तडे जाण्याचे प्रसंगही आले. सामूहिक कॉपी आणि प्रश्नपत्रिका फुटण्याचे प्रकार इतके वाढले की १९८२ मध्ये विद्यापीठ व मंडळाच्या परीक्षांतील गैरप्रकारांना प्रतिबंध करणारा स्वतंत्र कायदा राज्याला करावा लागला. २०१० मध्ये नांदेड जिल्ह्यात प्रशासनाने राबवलेले कॉपीमुक्त अभियान ‘नांदेड पॅटर्न’ म्हणून राज्यभर पोहोचले. उत्तरपत्रिकेच्या गोपनीयतेचा प्रश्न न्यायालयात गेला, तेव्हा १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मंडळाची बाजू मान्य केली आणि विद्यार्थ्याला उत्तरपत्रिका पाहण्याचा व फेरतपासणी मागण्याचा हक्क नाकारणारा नियम वैध ठरवला. लाखो उत्तरपत्रिकांचा निकाल वेळेत आणि निर्णायक लागला पाहिजे, हा त्या निर्णयामागील विचार होता. २०११ मध्ये मात्र केंद्रीय मंडळाशी संबंधित एका प्रकरणात त्याच न्यायालयाने माहिती अधिकाराच्या कायद्याखाली आपली तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा परीक्षार्थीचा हक्क मान्य केला. आज उत्तरपत्रिकेची छायांकित प्रत आणि तीनंतर पुनर्मूल्यांकन या सोयी राज्य मंडळात रूढ आहेत. परीक्षक आपल्या कामाला उत्तरदायी आहे, हे तत्त्व यातून प्रस्थापित झाले आणि मंडळाची प्रतिष्ठा त्यामुळे कमी न होता वाढली.

गुणांचा अर्थ

निवडीच्या ताणामुळे गुणांचा अर्थ कसा बदलत गेला, हे गेल्या दोन दशकांत स्पष्ट दिसते. एके काळी पहिल्या क्रमांकांची गुणवत्ता यादी प्रसिद्ध होत असे आणि तिच्यातील मुलांची छायाचित्रे वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर येत; एका-एका गुणाने क्रम ठरवणारी ही स्पर्धा शिक्षणाला मारक ठरते हे ओळखून मंडळाने ती यादी बंद केली, आणि तो निर्णय योग्यच होता. परंतु अकरावीच्या प्रवेशातील चढाओढ थांबली नाही. केंद्रीय मंडळे आणि राज्य मंडळ यांच्या गुणांची तुलना कशी करावी, यावरून पर्सेंटाइलचे सूत्र आले, २००९ मध्ये राज्य मंडळाच्या विद्यार्थ्यांसाठी नव्वद टक्के जागांची तरतूद आली, आणि ही दोन्ही सूत्रे उच्च न्यायालयात टिकली नाहीत. २०१० मध्ये सर्वाधिक गुणांचे पाच विषय मोजणारे ‘बेस्ट फाइव्ह’ सूत्र उच्च न्यायालयाने रद्द केले, तरी सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केले. या तिन्ही वादांत मुलांना काय येते हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. कोणाला कोठे बसवावे एवढाच प्रश्न होता.

अंतर्गत गुणांचा प्रकार याहून बोलका आहे. भाषांसारख्या विषयांत शाळेने तोंडी व अन्य परीक्षेतून द्यावयाचे वीस गुण आणि मंडळाच्या लेखी परीक्षेचे ऐंशी गुण अशी रचना होती. शाळा हे वीस गुण सरसकट देतात, या आक्षेपावरून २०१८-१९ मध्ये ते काढून टाकण्यात आले, आणि दहावीचा निकाल २०१८ च्या ८९.४१ टक्क्यांवरून २०१९ मध्ये ७७.१० टक्क्यांवर आला. टीका झाल्यावर पुढच्या वर्षी अंतर्गत गुण परत आले आणि २०२० चा निकाल ९५.३० टक्के लागला. एका वर्षात राज्यातील मुले एवढी मागे पडत नाहीत आणि पुढच्याच वर्षी एवढी पुढेही जात नाहीत. बदलला तो मोजण्याचा नियम. तोंडी परीक्षा ही भाषाशिक्षणाची गरज आहे, यात शंका नाही, परंतु शाळेच्या मूल्यमापनावर समाजाचा आणि खुद्द शिक्षण व्यवस्थेचा विश्वास बसलेला नाही, हे या तीन आकड्यांनी दाखवून दिले.

करोनाच्या साथीने हाच प्रश्न टोकाला नेला. २०२० मध्ये दहावीचा भूगोलाचा शेवटचा पेपर रद्द करावा लागला आणि इतर विषयांच्या सरासरीने गुण दिले गेले. २०२१ मध्ये परीक्षाच होऊ शकली नाही. नववीचे गुण आणि दहावीतील अंतर्गत मूल्यमापन यांवरून लावलेला निकाल ९९.९५ टक्के लागला. प्रमाणीकरण म्हणून त्या बिकट वर्षी हा मार्ग स्वीकारण्याजोगा होता, पण निवडीसाठी हे गुण निरुपयोगी ठरले. म्हणून अकरावीसाठी वेगळी सामाईक परीक्षा जाहीर झाली, आणि ती ऑगस्ट २०२१ मध्ये उच्च न्यायालयाने रद्द केली. परीक्षेवाचूनचे ते एक वर्ष मंडळाच्या दुहेरी कामाचा सर्वांत स्पष्ट पुरावा होय.

पुढची दिशा

यावर निवडीचे काम मंडळाच्या परीक्षेकडून काढून घेणे हा उपाय सहज सुचतो, परंतु बारावीच्या बाबतीत तसे घडून गेले आहे आणि त्याचे परिणाम समोर आहेत. अभियांत्रिकी व वैद्यकीय प्रवेश सीईटी, जेईई आणि नीट या परीक्षांकडे गेले, तेव्हा बारावीचा ताण उतरण्याऐवजी विज्ञान शाखेचे वर्ग ओस पडू लागले. नाव कनिष्ठ महाविद्यालयात आणि शिक्षण शिकवणीवर्गात अशी स्थिती अनेक शहरांत निर्माण झाली. बहुपर्यायी प्रश्नांच्या प्रवेशपरीक्षेला महत्त्व येताच प्रयोगशाळा, दीर्घोत्तरे आणि भाषा यांची किंमत विद्यार्थ्यांच्या नजरेत घसरली. निवड दुसरीकडे नेली आणि प्रमाणीकरण सक्षम केले नाही, तर उरते ते केवळ औपचारिक प्रमाणपत्र, हा धडा बारावीने दिला आहे.

दहावीच्या बाबतीत परिस्थिती अधिक अनुकूल आहे. २०२५ पासून अकरावीची केंद्रीय ऑनलाइन प्रवेशप्रक्रिया राज्यभर लागू झाली, आणि अकरावीच्या एकूण जागा विद्यार्थ्यांच्या संख्येहून अधिक असून लाखो जागा रिकाम्या राहतात, हे तिने उघड केले. चढाओढ आहे ती मोजक्या नामांकित महाविद्यालयांसाठी. मूठभर महाविद्यालयांच्या प्रवेशासाठी पंधरा लाख मुलांच्या परीक्षेचे स्वरूप ठरावे, याला कोणतेही शैक्षणिक समर्थन देता येत नाही. १९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने बाह्य परीक्षांची संख्या कमी करावी, शाळेतील सततच्या नोंदींना स्थान द्यावे आणि गुणांऐवजी श्रेणी द्याव्यात असे सुचवले होते. त्या सूचना सात दशके कागदावर राहिल्या, कारण त्यांचा स्वीकार करण्याआधी शाळेच्या मूल्यमापनाला विश्वासार्हता मिळवून देण्याचे कष्टाचे काम करावे लागते.

ते काम करण्याची क्षमता मंडळाकडे आहे. उत्तरपत्रिकांच्या तपासणीत एका परीक्षकाचे मोजमाप दुसऱ्याशी जुळवणारी नियामकांची पद्धत शाळेतील तोंडी परीक्षेला, प्रकल्पाला आणि प्रात्यक्षिकाला लावता येते. शाळेने दिलेल्या वीस गुणांचे नमुने बाहेरच्या शिक्षकाने तपासावेत, लेखी आणि अंतर्गत गुणांत मोठी तफावत आढळली तर शाळेला त्याचा खुलासा द्यावा लागावा, आणि परीक्षक म्हणून काम करणाऱ्या शिक्षकाला त्याचे प्रशिक्षण, मानधन आणि वेळ मिळावा. अनुत्तीर्ण विद्यार्थ्यांसाठी मंडळाने गेल्या काही वर्षांत पुष्कळ केले : एक-दोन विषय राहिलेल्यांना अकरावीत प्रवेश देणारी एटीकेटी आली, आणि २०१५ पासून ऑक्टोबरची वाट न पाहता जुलैमध्येच फेरपरीक्षा होऊ लागली. याच दिशेने विषयवार प्रमाणपत्र आणि सोयीने परीक्षा देण्याची मुभा यांपर्यंत जावयास हवे, म्हणजे एका गणिताने किंवा एका इंग्रजीने मुलाचे शिक्षण संपणार नाही.

मॅट्रिकच्या काळापासून समाजाने शालान्त परीक्षेकडे प्रवेशद्वार म्हणून पाहिले, आणि १९४८ च्या कायद्याने ती प्रमाणपत्राची परीक्षा केली तरी ती दृष्टी बदलली नाही. आता ती बदलण्याची जबाबदारी एकट्या मंडळाची नाही. शासनाने निकालाच्या टक्केवारीला आपल्या यशाचे माप मानणे थांबवावे, शाळांनी अंतर्गत गुण देताना पदवीच्या परीक्षकाइतकी कठोर सचोटी पाळावी, आणि पालकांनी मुलाचे गुण शेजारच्या मुलाच्या गुणांशी ताडून पाहण्याआधी त्याला काय समजले हे विचारावे. महाराष्ट्रातील प्रत्येक मुलाला त्याच्या ज्ञानाचे खरे आणि विश्वासार्ह प्रमाणपत्र देणे हेच या मंडळाचे मूळ काम आहे, आणि ते निर्वेधपणे करता यावे यासाठी त्याच्यावरील निवडीचे ओझे उतरवणे हे या राज्याचे कर्तव्य आहे.